मशीनला पुन्हा विचार

आमच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी बुद्धिबळ खेळताना कधीच ‘शह’ म्हणत नसत. ‘राजाला कळवा’ म्हणत. तेही इतक्या हळू, की वाटावं, शेजारच्या घरात कुणी आजारी आहे. समोरच्याला ऐकू गेलं नाही आणि त्याने भलतीच चाल केली, तर ती परत घ्यायला लावत आणि वर स्वतःवरच चिडत. ‘कळवायची जिम्मेदारी माझी हुती,’ म्हणत. मी त्यांना पहिल्यांदा हसले ते यावरून, आणि पुढे त्यांच्याशी भांडायला लागले तेही बुद्धिबळावरूनच.

मी संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले होते. चौसाळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून संस्थेची दोन खोल्यांची इमारत, पुढे पत्र्याचं शेड आणि शेडपुढे एक कडुलिंब. त्या लिंबाखाली सेक्रेटरींचा पट मांडलेला असायचा. समोरचा विचार करायला लागला की हे उठायचे आणि लिंबाला फेऱ्या घालायचे. ‘बसून ऱ्हायलं की त्याचा इचार मला ऐकू येतो, ते बरं न्हाई,’ असं त्यांचं म्हणणं. पाहुणा आला तर त्याला आधी विचारायचे, ‘पाणी देऊ? पण तहान खरी हाय का रिवाजाची?’ खरी म्हटलं तर तांब्या भरून द्यायचे, रिवाजाची म्हटलं तर ‘मग बसा निवांत.’ पाणी टँकरचं, त्यामुळे कुणी रागवत नसे. जावई मंडळी तेवढी गोंधळायची.

दुधाची फॅट मोजायला संस्थेत मशीन होतं. सेक्रेटरी मात्र आधी बोटावर थेंब घेऊन चाखायचे, आकडा सांगायचे आणि मगच मशीन लावायचे. आता वाचणाऱ्याला वाटेल, त्यांचा आकडा बरोबर निघायचा आणि आम्ही सगळे तोंडात बोट घालायचो. छे! बहुतेक वेळा त्यांचा अंदाज सपशेल चुकायचा. मग ते मशीनकडे बघून मला म्हणायचे, ‘पुन्हा इचार त्याला.’ मी पुन्हा लावायचे, तोच आकडा यायचा. ‘हट्टी हाय,’ म्हणून तोच आकडा मुकाट्याने लिहून घ्यायचे. कुणाच्या थेंबभर दुधावर त्यांनी कधी आपल्या जिभेपायी अन्याय केला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट पुढे.

आमचं भांडण एकच होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. पटावरची चांगली चाल कुणाला जास्त कळते, कॉम्प्युटरला की ग्रँडमास्टरला? माझं म्हणणं, कॉम्प्युटरला. यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या साध्या मोबाईलमधलं बुद्धिबळ जगातल्या कुठल्याही ग्रँडमास्टरला हरवेल, हे मी त्यांना परोपरीने सांगायचे. ते वर्तमानपत्रातल्या बुद्धिबळाच्या सदराची कात्रणं घेऊन बसायचे आणि माझ्या तोंडावर एकेक ग्रँडमास्टर फेकायचे.

‘हा बघ. पांढऱ्याचा ग्रँडमास्टर. घोडा फुकट दिला ह्येनं. इचार तुझ्या फोनला.’

मी पट फोनवर मांडला. फोन म्हणाला, घोडा देणं साफ चूक, आता काळा जिंकतो.

‘मग काळा जिंकला का?’

‘नाही. पांढराच जिंकला.’

‘आता बोल!’

‘काका, काळ्याने बरोबर उत्तर दिलं असतं तर पांढरा हरलाच असता.’

‘दिलं का?’

‘नाही.’

‘कावून न्हाई दिलं?’

‘घाबरला असेल.’

‘हां! ह्यो घाबरंल, हे ग्रँडमास्टरला समोर बसून दिसलं. तुझ्या फोनला दिसलं का?’

मी म्हटलं, समोरचा घाबरेल या भरवशावर खेळणं याला पारख म्हणत नाहीत, जुगार म्हणतात. ते उठले, लिंबाला एक फेरी घालून आले. ‘जुगार तर जुगार,’ म्हणाले. ‘पर तोंडाकडं बघून खेळलेला हाय.’

दुसऱ्या दिवशी मी नवा मुद्दा काढायचे. कॉम्प्युटर चुकत नाही म्हटलं की ते म्हणायचे, ‘चुकत न्हाई म्हंजे त्याला कुणी रागवत न्हाई.’ एकदा मी म्हटलं, काका, आता ग्रँडमास्टर स्वतःच घरी बसून कॉम्प्युटरला चाली विचारतात. हे मात्र त्यांना लागलं. बराच वेळ पटावरची मोहरी नीट घरात सारत राहिले. ‘मोठी मानसं हायेत,’ शेवटी म्हणाले, ‘त्यांचं त्यांनी बघावं.’ त्या दिवशी मी जिंकले होते आणि मला खूप बरं वाटलं होतं. माझा स्वभावच तसा आहे. वादात मी कुणाला सोडत नाही, आणि सेक्रेटरींनाही मी सोडावं असं वाटत नव्हतं. मी कधी कामात असले आणि ‘जाऊ द्या काका, तुमचंच खरं’ म्हटलं, की त्यांचं तोंड उतरायचं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. दुष्काळ आमच्याकडे नवा नव्हता, पण त्या वर्षी विहिरींनी पावसाळ्यातच तळ दाखवला आणि दिवाळीनंतर कडबा संपला. संस्थेने चारा छावणी चालवायला घेतली. इमारतीमागच्या पडीक रानात हिरव्या जाळीचे मांडव पडले, उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, ट्रॅक्टर येऊ लागले. जनावराबरोबर माणूसही छावणीतच राहायचा. जनावरांच्या कानातले बिल्ले रोज मोबाईलवर टिपायचे आणि हजेरी वर पाठवायची, हे माझं काम. सेक्रेटरींकडे बाकी सगळं. चारा, पेंड, टँकर, भांडणं.

दावणीला वैरण टाकून झाली की माणसांना दिवसभर काही काम नसे. पत्ते सुरू झाले, पत्त्यांवरून मारामाऱ्या झाल्या. सेक्रेटरींनी पत्ते बंद करून लिंबाखाली पट मांडला. ‘या बे, कुणाला येतंय?’ म्हणून साऱ्या छावणीत ओरडत फिरले. आले एकटे भानुदासतात्या.

तात्या लिंबागणेशकडचे. बायको वारलेली, मुलगा पुण्याला कंपनीत. त्यांचा एकच बैल छावणीत होता, हौशा. त्याचा जोडीदार आदल्या उन्हाळ्यात गेला होता. तात्या हौशाच्या पुढच्या पायांशी पोतं टाकून झोपायचे. मी बिल्ला टिपायला गेले की ते हौशाचा कान स्वतः धरून देत. मी धरला की तो झाडतो, म्हणायचे.

तात्यांना यायचं ते जुनं, गावाकडचं बुद्धिबळ. सेक्रेटरींनी प्यादं सुरुवातीलाच दोन घरं सारलं, तर तात्यांनी उचलून एक घर मागे ठेवलं.

‘एकदम दोन घरं कसं चालंल ते? लेकरू हाय.’

सेक्रेटरी जे खूश झाले! त्या दिवसापासून छावणीत तात्यांच्या नियमांनी डाव चालू झाले. तात्या बहुधा जिंकत. पण एका दुपारी सेक्रेटरींकडे वजीर आणि दोन्ही हत्ती होते आणि तात्यांकडे नुसता राजा आणि एक प्यादं. मी बिल्ले टिपून येऊन बघत उभी राहिले. सेक्रेटरी त्या प्याद्याला वळसा घालून घालून राजाच्या मागे फिरत होते. मला राहवेना. फोनवर डाव मांडला आणि म्हटलं, ‘काका, प्यादं खा की! फोनही तेच सांगतोय.’

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढलं होतं.

‘प्यादं खाल्लं तर ऱ्हायलं काय?’ तात्या म्हणाले. ‘राजा एकला पडला म्हंजे बुर्जी. डाव तितंच बंद. कुणी जितलं न्हाई, कुणी हारलं न्हाई. नागडं करून मारायचं, ह्येला खेळ म्हणत न्हाईत, बाई.’

मग सेक्रेटरींनी मला समजावून सांगितलं. जुन्या खेळात समोरच्याकडे निदान एक तरी मोहरं शिल्लक ठेवून मात करायची. त्याचं शेवटचं मोहरं सांभाळायची जबाबदारी जिंकणाऱ्याची. ‘आता सांग, हे तुझ्या फोनला ठाऊक हाय का?’

‘नियम घालून दिला तर फोनलाही येईल,’ मी म्हटलं.

‘नियम न्हवं गं. रीत हाय ही.’

पुढचे कित्येक दिवस त्यांना दुसरा विषय नव्हता. टँकरवाल्याला थांबवून बुर्जी सांगायचे. तहसीलचे तपासणीला आलेले साहेब जीपमध्ये एक पाय ठेवून ऐकत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. चांगली चाल कोणती हे ठरवायच्या आधी डाव कशासाठी मांडलाय ते ठरवावं लागतं, आणि ते माणसालाच कळतं, असं आता त्यांचं मत झालं. मी म्हटलं, मत चांगलं आहे, पण डाव तात्याच जिंकतात. ते मोठ्यांदा हसले. त्यांचं ते हसणं मला अजून ऐकू येतं, कारण त्यानंतर तसं ते पुन्हा हसले नाहीत.

उन्हाळा संपत आला, पावसाचं चिन्ह नव्हतं. एक दिवस गेवराईपलीकडचा, कालव्याकाठचा एक शेतकरी छावणीत आला. त्याच्या जोडीतला एक बैल गेला होता आणि राहिलेल्याशी उंचीला, शिंगाला जुळणारा बैल तो शोधत फिरत होता. त्याने हौशा बघितला आणि तिथेच उकिडवा बसला. माणूस सज्जन होता. भाव पाडून मागितला नाही. त्याच्याकडे पाणी होतं, हिरवं होतं. ‘तात्या, तुमी कवाबी या, बैलाला भेटून जा,’ असंही म्हणाला.

तात्या त्याला घेऊन ऑफिसात आले आणि भिंतीला टेकून बसले.

‘सेक्रेटरी, तुमी सांगा. देऊ का नको?’

मी कुणी विचारायच्या आधीच बोलले. म्हटलं, द्या तात्या. बैल वाचेल, तुम्ही मोकळे व्हाल, पुण्याला मुलाकडे जाल. यात विचार करण्यासारखं काय आहे?

‘ही फोनची चाल झाली,’ सेक्रेटरी म्हणाले. मग बाहेर गेले. खिडकीतून मला ते लिंबाभोवती फिरताना दिसत होते. पाहुणा घड्याळ बघत होता. तात्या जमिनीकडे बघत होते. सेक्रेटरी आत आले ते तात्यांच्या समोर खालीच बसले.

‘न्हाई तात्या. शेवटचं मोहरं देऊ नका. पाऊस पडल्यावर एक बैल असला तर दुसऱ्या एक-बैलवाल्यासंगं सावड हुती, पेरणी हुती. दाव्याला काईच नसलं तर कुणी सावडीला घेत न्हाई. मग रान बी दुसऱ्याला बटईनं लावावं लागंल. ऱ्हाऊ द्या हौशाला. छावणी आजून हाय.’

तात्यांनी मान डोलावली. पाहुणा रागावला नाही. ‘बराबर हाय सेक्रेटरींचं,’ म्हणाला आणि नमस्कार करून गेला. मी मात्र रागावले. तुमच्या जुगाराला तात्या कशाला, असं मी तोंडावर म्हणाले. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तात्याच्या तोंडाकडं बघितलं का तू?’

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हौशा आजारी पडला. सकाळी वैरणीला तोंड लावलं नाही. बघता बघता पोट फुगलं. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या छावणीवर होते, त्यांना फोन केला, निघतो म्हणाले. सेक्रेटरी सदरा काढून हौशाच्या पोटाला तेल चोळत बसले. तात्या त्याचं तोंड मांडीवर घेऊन होते. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी फक्त हात लावून बघितलं आणि उभे राहिले. तात्यांनी म्होरकी सोडली, कानातला बिल्ला काढायला मला हाक मारली. या वेळीही कान त्यांनीच धरला.

ज्याचं जनावर नाही त्याला छावणीत राहता येत नसे. तात्यांनी दुसऱ्या दिवशी वळकटी बांधली आणि लिंबागणेशकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. सेक्रेटरी पेंडीच्या पोत्यांमागे उभे होते. मी खूण केली, या, निरोप द्या. ते आले नाहीत. जीप वळणावरून दिसेनाशी झाल्यावर बाहेर आले आणि टँकरवाल्याशी उगाच भांडले.

चार दिवसांनी मी ऑफिसात एकटी होते. ते येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

‘बाई, तुझ्या फोनला इचार की, मी कुठं चुकलो?’

मी म्हटलं, ‘काका, तो फक्त पटावरचं सांगतो.’

‘तसं न्हवं. तू म्हणली हुतीस ना, तो डाव संपल्यावर मागं जाऊन दाखवतो, इथं चुकलं म्हणून. तसं काही...’

मला रडू आलं. वादात मी जिंकले होते आणि इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, पोटफुगी कुणाच्या हातात असते का काका? हौशा कालव्याकाठी असता तरी वाचला नसता. ‘तितं डाक्टर घरी बोलावतेत,’ ते म्हणाले आणि गेले.

छावणी उठली. संस्था पुन्हा नुसती दूध संस्था झाली. सेक्रेटरी वेळेवर येत, वेळेवर जात. पण त्यांनी दूध चाखणं सोडलं. मशीन जो आकडा सांगेल तो लिहायचे. पाहुण्याला न विचारता पाणी द्यायचे. लिंबाखाली पट मांडला जाईना. मी एकदा मुद्दाम कात्रण घेऊन गेले आणि म्हटलं, ‘बघा काका, काय चाल आहे! फोनला जमली नसती.’ त्यांनी कात्रण वाचलं, परत दिलं. ‘फोन म्हणतो तेच खरं असंल,’ म्हणाले.

मग मी बाजूच बदलली. रोज ग्रँडमास्टरांची वकिली करायला लागले. त्यांचेच जुने मुद्दे त्यांच्यासमोर मांडायचे, तेही त्यांच्या आवाजात, हातवारे करून. वाटायचं, आता चिडतील, आता उठून लिंबाला फेरी घालतील. ते शांतपणे माझीच जुनी उत्तरं मला द्यायचे. ‘मानूस घाबरतो, थकतो. मशीन थकत न्हाई. मशीनचंच बराबर.’ मी भांडण हरत होते, जिंकत होती ती माझीच जुनी बाजू, आणि मला समोरून जिंकणारा माणूसच दिसत नव्हता. असलं रिकामं जिंकणं देवाने कुणाला देऊ नये.

कुणी काही सल्ला विचारायला आलं, पोराला कुठल्या कॉलेजात घालू, म्हैस घेऊ का, तर ते हात जोडायचे. ‘मला इचारू नगा.’ ज्या माणसाला न विचारता सल्ला द्यायची खोड होती तो माणूस हात जोडायचा, हे बघवत नसे. लिंबागणेशकडची जीप रस्त्यावर थांबली की ते आत जात. मी कितीदा म्हटलं, चला, तात्यांना भेटून येऊ, मी येते सोबत. ‘काय तोंड घिऊन जाऊ?’ एवढंच. तात्याही कधी आले नाहीत. कुणीतरी सांगितलं, ते मुलाकडे गेले, मग कुणी सांगितलं, परत आले, रान दुसऱ्याला लावलं आहे. हे ऐकलं त्या दिवशी सेक्रेटरी जेवले नाहीत.

मग एका हिवाळ्यात ते गेले. दुपारी घरी आडवे झाले होते, उठलेच नाहीत. माझं लग्न झालं होतं, मी बीडला राहत होते. दहाव्याला गेले. त्यांच्या अंगणात माणसं बसली होती आणि जो तो त्यांच्या जुन्या गमती सांगत होता. राजाला कळवा, रिवाजाची तहान. ऐकताना वाटत होतं, हे सगळे ज्याच्याबद्दल बोलताहेत तो माणूस केव्हाच गेला, आता नाही.

कडेला भानुदासतात्या बसले होते. फार वाळले होते. मला त्यांनीच ओळखलं.

‘बिल्लेवाली बाई ना तू?’

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग तात्या आपणहून बोलायला लागले.

‘लई गुनाचा मानूस. हौशाच्या वक्ताला माझी लाज राखली बग त्येनं.’

‘लाज?’

‘आगं, तो कालव्याकडचा पाव्हना. चांगला मानूस हुता, तोंडावर न्हाई म्हनायचा धीर हुईना मला. हौशाला देयाचा न्हाई हे मी आदीच ठरिवलं हुतं. छावनीतच मरंल तर मरंल, माझ्यापाशी मरंल. पर पाव्हन्याला कसं सांगावं? म्हनलं सेक्रेटरीला इचारू. त्ये न्हाई म्हनत्याल, मला ठाऊक हुतं. आन् म्हनले बी. पाव्हना बी राजीखुशी गेला.’

‘तात्या,’ मी म्हटलं, ‘हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही?’

‘त्येच्यात काय सांगायचं? आन् मी येनार कशाला संस्थेत? ना दूध, ना जनावर. म्हनलं, सेक्रेटरीला आपलं आता काय काम.’ तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले. ‘येवढी जनावरं हुती छावनीत. त्येंच्या ध्यानात बी नसंल हौशा. इसरले आसतील न्हाई का गं?’

ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘हो तात्या,’ मी म्हणाले. ‘विसरले होते.’

तात्यांनी मान हलवली आणि आपल्या चपला शोधायला उठले.